कल्पित जगातला ड्रॅगन घडवताना या चुका टाळा

बेळगाव आणि खानापूर परिसरातील होतकरू लेखकांच्या अद्भुतकथा मी गेली काही वर्षे आवडीने वाचतो आहे. त्यांत राज्ये, भाषा, शस्त्रे आणि राजघराण्यांच्या वंशावळी यांवर भरपूर मेहनत घेतलेली असते. ड्रॅगन मात्र कुठल्यातरी चित्रावरून तसाच उचललेला असतो. त्याचे वजन किती, तो रोज काय खातो आणि आषाढातल्या पावसात कुठे जातो, याचा विचार झालेला नसतो. जादूच्या जगात हे प्रश्न हवेत कशाला, असे मला अनेकदा विचारले जाते. जादू जरूर वापरावी, परंतु शरीराचे कोणते काम तिच्यावर सोपवले आहे हे लेखकाला नेमके ठाऊक असले पाहिजे. उरलेले सगळे शरीराने स्वतःच्या बळावर पेलायचे असते, आणि ते कसे पेलायचे याचे बरेच नमुने आपल्याच रानात पाहायला मिळतात.

वजनाचा हिशेब न करता पंख लावणे

सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. बेळगावच्या बाजारपेठेवर घिरट्या घालणारी घार घ्या. तिच्या पंखांचा विस्तार सुमारे दीड मीटर आणि वजन पाऊण किलोच्या आसपास असते. तिचा आकार सर्व बाजूंनी दहापट केला, तर पंखांचे क्षेत्रफळ शंभरपट होते, पण वजन हजारपट होते. म्हणजे पंधरा मीटर पंखांचा आणि पाऊणशे नव्हे तर साडेसातशे किलोंचा प्राणी तयार होतो, आणि त्याच्या पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर घारीच्या दहापट भार येतो. हवेत तरंगून राहण्यासाठी त्याला घारीच्या तिपटीहून अधिक वेग लागेल. आजवर उडालेल्या सर्वांत मोठ्या प्राण्यांपैकी एक असलेल्या क्वेत्झालकोट्लस या टेरोसॉरच्या (डायनोसॉरच्या काळातल्या उडत्या सरीसृपाच्या) पंखांचा विस्तार दहा-अकरा मीटर होता आणि त्याचे वजन साधारण २०० ते २५० किलो धरले जाते. अंगणात बसलेला तीन टनांचा ड्रॅगन जागच्या जागी पंख फडफडवून उठतो, असे वाक्य लिहिताना ही तुलना समोर ठेवावी.

पोटात हलका वायू भरला म्हणून तो तरंगतो, ही पळवाट मी बऱ्याच हस्तलिखितांत पाहिली आहे. एक घनमीटर मिथेन हवेत जेमतेम अर्धा किलो वजन उचलून धरतो. दोन टनांच्या ड्रॅगनला अशा वायूचे साडेतीन हजार घनमीटरांहून अधिक, म्हणजे आपल्याकडच्या साधारण शंभर खोल्या भरतील एवढे, पोट लागेल.

आकार कमी करायचा नसेल तर उड्डाणाची जागा बदला. गोकाकच्या धबधब्याजवळ घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. अशा कड्यावरून झेप घेणाऱ्या प्राण्याला लागणारा वेग पडतापडताच मिळतो. सपाट रानात उतरलेला तोच ड्रॅगन अडकून पडतो आणि पुन्हा कडा गाठण्यासाठी त्याला चालावे लागते. कथेच्या दृष्टीने ही अडचण फार मोलाची आहे. गिधाडे आणि घारी ऊन तापून हवेचे ऊर्ध्वप्रवाह सुरू होईपर्यंत सकाळी उंच चढत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. पहाटेचा हल्ला तुमच्या ड्रॅगनला झेपणारा नाही.

चार पाय ठेवून वर दोन पंख जोडणे

पक्षी, वटवाघळे आणि टेरोसॉर या तिघांनीही पुढच्या पायांचेच पंख केले. भीमगडच्या जंगलातील बारापेडे गुहेत राहणाऱ्या रॉटनच्या वटवाघळाचा पंख म्हणजे लांबलेल्या बोटांवर ताणलेली कातडी आहे. टेरोसॉरने तेच काम एका बोटावर केले. त्यामुळे दोन पाय आणि दोन पंख असलेला, जमिनीवर पंखांच्या मनगटांवर टेकून चालणारा ड्रॅगन शरीररचनेला धरून आहे. शिवाय टेरोसॉर उडताना पुढच्या बळकट अवयवांनीच जमिनीला रेटा देत असावेत असे अनेक अभ्यासक मानतात, त्यामुळे वजनदार ड्रॅगनच्या उड्डाणाचा प्रश्नही काही अंशी सुटतो.

पण चार पाय हवेतच असा आग्रह असेल, तर खानापूर तालुक्यातल्या एखाद्या सुपारीच्या बागेत जाऊन उडता सरडा पाहावा. कन्नड बोलणारे त्याला ‘हारुव ओती’ म्हणतात. खोडाला चिकटून बसलेला असताना तो सालीपासून वेगळा ओळखताच येत नाही. मग नर गळ्याखालची पिवळी कातडी दोन-तीनदा बाहेर काढतो, मान वळवतो, आणि उडी मारताक्षणी बरगड्या पसरून दोन्ही बाजूंची पडदी उघडतो. समोरच्या खोडावर डोके वर करूनच उतरतो आणि पडदी अशी मिटते की ती होती यावर विश्वास बसू नये. त्याचे चारही पाय मोकळे राहतात, कारण पंख बरगड्यांचे आहेत. मात्र त्याला तरंगत जाता येते, पंख मारून वर चढता येत नाही. बरगड्यांचे पंख दिलेत, तर हे बंधनही पाळावे.

आगीला इंधन न देणे

आपल्या खेड्यांत गोबरगॅस वापरलेल्या घरांना मिथेनची ताकद आणि मर्यादा दोन्ही ठाऊक आहेत. निळी, शांत ज्योत भाकरीला पुरते. तिचा झोत तटबंदीपर्यंत पोहोचत नाही. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असेल तरच पेट घेतो, त्याहून कमी किंवा जास्त असेल तर नाही. त्यातच तो जागाही फार अडवतो. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर मिथेन जाळून जेवढी उष्णता मिळते, जवळपास तेवढीच एक लिटर शेंगतेलातून मिळते. तेव्हा पोटातल्या वायूऐवजी घशाजवळच्या पिशवीत साठवलेले तेल धरावे.

जत्रेत तोंडात रॉकेल धरून जाळ काढणारा माणूस ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना पुढचा भाग सांगावा लागत नाही. तो तोंडात काही जाळत नाही. बारीक तुषार जोराने बाहेर फुंकतो आणि ज्वाला ओठांच्या पुढे सुरू होते. ड्रॅगनच्या तोंडाचे संरक्षण हेच आहे. ठिणगीसाठी बॉम्बार्डियर भुंगेऱ्याचा नमुना उपयोगी पडतो: तो हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड शरीरात साठवून ठेवतो, ऐनवेळी ते वेगळ्या कप्प्यात सोडून विकरांशी गाठ घालतो आणि सुमारे १०० अंश सेल्सिअसचा फवारा मारतो. तो फवारा पेटत नाही, परंतु अभिक्रियेतून उष्णता निर्माण करण्याची ही युक्ती एखाद्या चटकन पेटणाऱ्या द्रवाला लावून पाहता येईल.

एकदा तेल आले की त्याचा साठा संपणेही आले. चरबीपासून पिशवी पुन्हा भरायला दिवस लागतात, आणि उपाशी ड्रॅगनकडे आग नसते. ज्या कथेत नायक ड्रॅगनच्या फुंकरी मोजतो, तिथे लढाईचे प्रकरण आपोआप घट्ट विणले जाते.

एका ड्रॅगनला किती रान लागते, हे न पाहणे

वाघाला वर्षाला साधारण पन्नास चितळांएवढी शिकार लागते, आणि ती पुरत राहावी म्हणून त्याच्या रानात पाचशेच्या आसपास खुरी प्राणी असावे लागतात. शरीराचे वजन सोळापट झाले, तर भूक सोळापट न होता सुमारे आठपट होते. म्हणजे वाघाच्या साधारण सोळापट वजनाचा, तीन टनांचा उष्ण रक्ताचा ड्रॅगन आठ वाघांचे खाणार आणि त्याच्यामागे चार हजार खुरी प्राणी लागणार. भीमगड अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. तिथे एकट्या ड्रॅगनसाठी दर चौरस किलोमीटरला वीसहून अधिक गवे, सांबरे, चितळे हवीत; वाघ, बिबटे आणि कोळसुंदे यांचा वाटा वेगळाच. मग आकाश काळे करणारा शंभर ड्रॅगनांचा थवा कशावर जगतो, याचे उत्तर लेखकाने द्यायला हवे.

थंड रक्ताचा ड्रॅगन हा एक चांगला मार्ग आहे, कारण तेवढ्याच वजनाच्या सरीसृपाला साधारण दहावा हिस्सा अन्न पुरते. कोमोडो बेटांवरची मोठी घोरपड एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत खाऊ शकते आणि मग बराच काळ पडून राहते. परंतु थंड रक्ताला ऊन हवे. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात कित्येक दिवस सूर्यदर्शन होत नाही, तर त्याच जिल्ह्यातल्या अथणीकडे पावसाची वाट पाहावी लागते. असा ड्रॅगन जूनमध्ये घाट सोडून पूर्वेच्या कोरड्या माळावर उतरेल, आणि तिकडच्या मेंढपाळांना त्याच्या येण्याचे दिवस तोंडपाठ असतील. हवामानाचा विचार केला की असे लोकजीवनाचे धागेदोरे सहज हाती लागतात. सोन्याच्या राशीवर झोपणे मात्र अशा प्राण्याला परवडणारे नाही, कारण धातू अंगातली ऊब झपाट्याने शोषून घेतो.

पिल्लाला लहान आकाराचा ड्रॅगन समजणे

माणसाएवढे अंडे कथांत नेहमी दिसते. मादागास्करच्या नामशेष हत्तीपक्ष्याचे अंडे ज्ञात अंड्यांत सर्वांत मोठ्यांपैकी एक असून त्यात सुमारे १० लिटर, म्हणजे एका मध्यम कळशीएवढे, मावत असे. त्याहून फार मोठ्या अंड्याचे कवच इतके जाड करावे लागते की आतल्या जीवाला श्वास घेणे आणि ते फोडून बाहेर पडणे, दोन्ही कठीण होते. म्हणून ड्रॅगनचे पिल्लू मांजराएवढे असणार आणि त्याचे बालपण आईपेक्षा पूर्णपणे वेगळे असणार. कोमोडोची पिल्ले पहिली काही वर्षे झाडांवर राहतात, कारण खाली उतरल्यास मोठ्या घोरपडी त्यांना खातात. तुमच्याही जगात पिल्ले सुपारीच्या शेंड्यांवर मुंगळे टिपत असतील, किशोरवयीन ड्रॅगन नदीकाठी मासे धरत असतील आणि कड्यांवर फक्त वयस्क असतील. गावकरी या तिघांना कदाचित तीन वेगळे प्राणी समजत असतील आणि तिघांना तीन नावे देत असतील.

अंडी उबवण्याचा विचारही इथेच करावा. नागराजाची मादी पाचोळा गोळा करून ढीग रचते आणि अंडी फुटण्याच्या सुमारापर्यंत त्यावर पहारा देते. मगरीच्या अंड्यांत पिल्लाचे लिंग घरट्याच्या तापमानावर ठरते. आपल्याकडच्या मगरीत ३२.५ अंशांच्या आसपास नर निपजतात आणि त्याहून थंड घरट्यांत माद्या. हा नियम ड्रॅगनला लावला, तर ज्या वर्षी उन्हाळी वळीव लवकर येऊन पाचोळा भिजतो, त्या वर्षी गुहेच्या तोंडाशी जन्मलेल्या साऱ्या पिल्लांत एकही नर नसतो.