दिवाणी दाव्यात समोरच्याला लेखी प्रश्न: प्रश्नावली कशी तयार करावी

इंटरनेटवरून उतरवलेला अमेरिकन प्रश्नावलीचा नमुना जवळ असेल तर तो आधी बाजूला टाका. पंचवीस प्रश्नांची मर्यादा तिकडच्या संघीय न्यायालयांची. आपल्याकडे आकड्याला बंधन नाही, पण प्रश्न परस्पर पाठवायची मुभाही नाही; न्यायालयाची परवानगी लागते. गोव्यात १५ जून १९६६ पासून १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता लागू आहे, आणि या कामापुरता तिचा ऑर्डर ११ (म्हणजे अकरावं प्रकरण; त्यातले नियम ते रूल) पुरेसा आहे. (ठरावीक रकमेपासूनच्या व्यापारी वादांसाठी २०१५ पासून हा ऑर्डर वेगळा आहे. तुमचा दावा तसला असेल तर तो वाचा, हे नको.)

कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, दाखल झाली की कामाला लागा. पुरावा सुरू होईपर्यंत थांबलात तर या प्रश्नांचा अर्धा उपयोग गेला. दावा आणि कैफियत शेजारी-शेजारी ठेवा. जे कबूल आहे त्यावर रेघ मारा, जे नाकारलंय तेवढ्यावरच प्रश्न.

आता खरी डोकेदुखी: प्रश्न लिहिणं. इथे मी तोंडावर आपटलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दावा माडांच्या बागेतल्या वाटेचा होता, आम्ही वादीकडून. आठवा प्रश्न मी मोठ्या ऐटीत लिहिला: ‘मे २००९ मध्ये तुम्ही पूर्वेच्या हद्दीवर चिऱ्यांचा गडगा घालून वादीची माडांकडे जाणारी वाट बंद केली की नाही?’ शपथेवर उत्तर आलं: ‘नाही.’ आणि ते खोटंही नव्हतं, कारण गडगा एप्रिलमध्येच उभा राहिला होता. एका वाक्यात मी महिना, जागा, गडगा, वाट आणि हेतू असं सगळं कोंबलं. त्यातलं एक चुकलं की समोरच्याला पूर्ण प्रश्नालाच ‘नाही’ म्हणायची वाट मोकळी.

आता मी तोच प्रश्न असा फोडतो. अमुक सर्व्हे नंबरच्या पूर्वेच्या हद्दीवर आज चिऱ्यांचा गडगा आहे की नाही? तो तुम्ही बांधलात की नाही? नसल्यास कोणी बांधला? कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात? तो बांधण्याआधी वादी त्या जागेतून माडांकडे जात असे की नाही? एका प्रश्नात एकच गोष्ट. ‘आणि’ हा शब्द दिसला की प्रश्न तिथेच तोडा. आमच्यातले काही ज्येष्ठ म्हणतात, लांब प्रश्नाने माणूस अडकतो. मला तर अडकलेला दिसला तो नेहमी विचारणाराच.

त्यातून परवानगी मिळाली तरी एका पक्षाला प्रश्नांचा एकच संच देता येतो. दुसरा हवा तर न्यायालयाकडून पुन्हा हुकूम आणा. म्हणजे चूक सुधारायची संधी सहज मिळत नाही.

दुसरा मोह उलटतपासणीचा. तुमचे साक्षीदार कोण, तुम्ही खोटं का बोलता, असले प्रश्न इथे टाकू नका. साक्षीदाराला तोंडी विचारता येईल असा प्रश्नही वादाशी संबंधित नसेल तर इथे गैरलागूच, असं रूल १ मध्येच लिहिलंय. १९७२ साली राज नारायण विरुद्ध इंदिरा गांधी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं: प्रश्नाचा वादमुद्द्याशी बऱ्यापैकी जवळचा संबंध हवा.

आणखी एक, हे कुठल्या पुस्तकात नाही. आपल्याकडे प्रश्न इंग्रजीत जातात, पण उत्तर देणारे आजोबा कोंकणीत नाहीतर मराठीत विचार करतात. मसुदा झाला की घरात कोणाला तरी एकेक प्रश्न कोंकणीत सांगून बघा. ऐकणारा ‘म्हणजे?’ म्हणाला तर प्रश्न परत लिहा.

गोव्यात जमिनीच्या दाव्यात नवरा-बायको दोघेही प्रतिवादी असतात, मालमत्ता सामायिक असल्याने. मग प्रश्नांच्या तळाशी टीप हवीच: अमुक प्रश्नांचं उत्तर प्रतिवादी १ ने, अमुकचं प्रतिवादी २ ने द्यावं. कोमुनिदाद (गावच्या सामायिक जमिनी सांभाळणारी संस्था) किंवा कंपनी समोर असेल तर कोणत्या अधिकाऱ्याने उत्तर द्यायचं त्याचा हुकूम रूल ५ खाली मागा.

बाकी सोपं. संहितेच्या परिशिष्ट सी मधला नमुना २ घ्या, प्रश्न जोडा, परवानगीचा अर्ज द्या. अर्जावर सात दिवसांत निर्णय व्हावा असं संहिता म्हणते. प्रश्न बजावले की दहा दिवसांत, किंवा न्यायालय देईल त्या मुदतीत, शपथपत्रावर उत्तर. हरकती त्याच शपथपत्रात येतात. प्रश्न रद्द करून घ्यायचे तर बजावणीपासून सात दिवस. उत्तर टाळलं वा अर्धवट दिलं तर रूल ११ खाली उत्तर देण्याचा हुकूम मागा. तो हुकूमही मोडला तर रूल २१: वादीचा दावा फेटाळला जाऊ शकतो, प्रतिवादीचा बचाव रद्द होऊ शकतो. मात्र न्यायालय ही कुऱ्हाड सहजासहजी उचलत नाही.

पुराव्यात वापरताना उत्तरं निवडून दाखल करता येतात. पण दुसरं एखादं उत्तर त्यांच्याशी इतकं जोडलेलं असेल की त्याच्याशिवाय ती वापरू देणं बरोबर नाही, तर तेही दाखल करायला न्यायाधीश सांगू शकतात. वाटेच्या त्या दाव्यात मी सातवं उत्तर, वाट जुनी असल्याचं, दाखल केलं. समोरच्या वकिलांनी लगेच आठव्याकडे बोट दाखवलं, आणि माझं ते ‘नाही’ भर कोर्टात वाचलं गेलं.