वेबमेलचे पोर्ट: कुठला उघडा, कुठला बंद

खानापूर-निपाणीकडच्या एखाद्या पतसंस्थेत स्वतःचा मेल सर्व्हर बसवताय? सगळे पोर्ट (सर्व्हरची नंबर दिलेली दारं) सताड उघडू नका. ब्राउझरमधून मेल बघायला ४४३ पुरतो. ८० फक्त तिकडे वळवण्यापुरता. वेबमेल आणि मेलपेट्या एकाच मशीनवर असतील तर मेलपेटी वाचायचा १४३ हा १२७.०.०.१ वरच, म्हणजे त्याच मशीनपुरता ठेवा. मोबाइलवर मेल हवी म्हणणारे असतातच, त्यांना वाचायला ९९३ आणि पाठवायला ५८७.

बाहेरून मेल यायला आणि दुसऱ्या सर्व्हरकडे थेट पाठवायलाही २५ लागतोच, आणि खरी गोची तिथंच. आलेली मेल दिसते, पाठवलेली रांगेत अडकते. फायरवॉल उचकटण्याआधी सर्व्हरवरून टेलनेटने (पोर्टशी जोडून बघायची साधी कमांड) दुसऱ्या एखाद्या मेल सर्व्हरच्या २५ ला जोडणी होते का बघा. घरगुती ब्रॉडबँडवर तो बऱ्याचदा इंटरनेटवाल्यांनीच बंद केलेला असतो. मग ५८७ वरून रिले (आपली मेल पुढे पोचवणारा दुसरा सर्व्हर) घ्या.