रोजगार मदत केंद्र चालवताय? मग या चुका टाळा

ग्रामपंचायतीच्या खोलीत, वाचनालयात, गणेश मंडळाच्या कार्यालयात असे मदत कक्ष ठिकठिकाणी चालतात. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, संगणक जाणणारी दोन पोरं आणि बाहेर रांग. महास्वयं या राज्याच्या रोजगार पोर्टलवरची नोंदणी, आयटीआयचा (औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा) अर्ज, ई-श्रम कार्ड, बांधकाम कामगारांची नोंदणी, सगळं एकाच टेबलावर. दिवसाला किती फॉर्म भरले याचा आकडा फळ्यावर असतो. त्यातले किती जण कामाला लागले, असं विचारलं की फळा कोरा.

अर्ज अडतो तो बऱ्याचदा माणूस अपात्र असतो म्हणून नाही. मोबाईल नंबर, नाव, बँक खातं किंवा पाठपुरावा, यांपैकी काहीतरी चुकलेलं असतं आणि ती चूक मदत करणाऱ्याच्याच हातून झालेली असते.

आपलाच मोबाईल नंबर टाकणे

बाईंकडे मोबाईल नाही, किंवा आहे पण रिचार्ज संपलाय. रांग मोठी असते. कार्यकर्ता म्हणतो, "राहू द्या मावशी, माझाच टाकतो." ओटीपी लगेच येतो, फॉर्म पाच मिनिटांत होतो. पुढे मुलाखतीचा मेसेज, कागदपत्रं पुन्हा जोडा म्हणणारी सूचना, पासवर्ड बदलायचा ओटीपी, सगळं त्या कार्यकर्त्याच्या मोबाईलवर येत राहतं. त्याने सिम बदललं की वीस-पंचवीस माणसांची खाती एकदम बंद पडल्यासारखी.

नंबर अर्जदाराचाच हवा, नाहीतर घरातल्या अशा माणसाचा, जो रोज त्याच छपराखाली झोपतो. दुसऱ्या शहरात कामाला असलेल्या मुलाचा नको. आधारला जोडलेला नंबर कोणता हे आधी विचारा; तो बंद असेल तर बाकीचे फॉर्म बाजूला ठेवून आधी आधार केंद्रावर पाठवा. लॉगिन आणि पासवर्ड कागदावर लिहून अर्जदाराच्या हातात द्या, आपल्या वहीत ठेवू नका. आधार कार्डाचे फोटो मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं तर ताबडतोब थांबवा. ओळख पटवण्यापुरतं काम असेल तिथे पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार चालतं.

नाव न जुळवता फॉर्म भरणे

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. लग्न झालेल्या बाईचं तर गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि बँकेत दोन्हींची खिचडी. फॉर्म भरताना हे खपून जातं. पीएफचं केवायसी (ओळखीची पडताळणी) किंवा विद्यावेतन जमा व्हायची वेळ आली की अडतं.

इथे घाईघाईने आधारवरचं नाव बदलायला पाठवणं ही दुसरी चूक. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. जन्मतारीख आणि लिंग प्रत्येकी एकदाच. एक संधी स्पेलिंगवर घालवली की खऱ्या गरजेच्या वेळी हात बांधलेले. म्हणून आधी ठरवा, पुढे कोणतं नाव चालवायचं. आधार, पॅन आणि बँक या तिन्हीकडे ते अक्षरशः सारखं करा. गुणपत्रिकेला हात लावू नका. तिच्यावरचं जुनं नाव आणि आताचं नाव यांचा दुवा विवाह नोंदणी दाखल्याने किंवा राजपत्रातल्या नावबदलाच्या प्रसिद्धीने जुळतो. तो कागद प्रत्येक अर्जाच्या फाईलमध्ये असू द्या.

"आधार लिंक आहे" यावर विश्वास ठेवणे

बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं लिंक झालं, असं सगळेच सांगतात. ते केवायसी झालं. सरकारी पैसे आधारवरून येतात तेव्हा ते एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत ज्या बँकेशी आधार सर्वात शेवटी जोडलं गेलं त्या बँकेत जातात, फॉर्मवर कोणताही खाते क्रमांक लिहिला असला तरी. मग "पैसेच आले नाहीत" म्हणून तक्रार होते आणि रक्कम कधीकाळी नवं सिम घेताना उघडलेल्या, विसरलेल्या खात्यात पडून असते.

तपासायला दोन मिनिटं लागतात. माय आधारच्या संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करा आणि बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कोणत्या बँकेशी जोडलंय ते, पाहा. तिथे बँकेचं नाव आणि नोंद चालू आहे की नाही, दोन्ही दिसतं. बँक चुकीची असेल तर हव्या त्या शाखेत जाऊन डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात यावेत म्हणून) आधार सीडिंगचा फॉर्म द्यायचा, पोच घ्यायची आणि काही दिवसांनी पुन्हा पाहायचं. पतसंस्थेचं खातं यासाठी चालत नाही, पासबुक कितीही भरलेलं असो.

असाच आणखी एक घोळ. ई-श्रम कार्डावरचा यूएएन (कायमचा खाते क्रमांक) बारा अंकी आणि पीएफचा यूएएनही बारा अंकी. कंपनीने यूएएन मागितला की पोरं ई-श्रमचा नंबर देतात. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. ई-श्रम असंघटित कामगारांसाठी, वय १६ ते ५९, आणि पीएफ किंवा ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विम्याचा) सभासद त्यात बसत नाही.

आयटीआय: भरलेला अर्ज आणि निश्चित झालेला अर्ज

ऑनलाइन माहिती भरून शुल्क भरलं की काम झालं असं वाटतं. मूळ कागदपत्रं घेऊन जवळच्या आयटीआयमध्ये अर्ज निश्चित करून घ्यावा लागतो. ते राहिलं तर गुणवत्ता यादीत नाव येत नाही. त्यानंतर पसंतीक्रम. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर प्रवेश घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांची दारं बंद होतात. म्हणून शेजाऱ्याने सांगितला तो ट्रेड पहिल्या क्रमांकावर टाकू नका. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. वेल्डर आणि कोपा (संगणक चालवण्याचा ट्रेड) एका वर्षाचे. घरची ओढाताण असेल तर हा फरक मोठा. दहावीत गणिताने दगा दिलेल्या मुलांसाठीही काही ट्रेड असतात. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पात्रतेचा रकाना बघा, मुलाला तोंडी "नाही बसत" म्हणून परत पाठवू नका.

आयटीआयनंतर कंपनी "ट्रेनी" म्हणून घेते तेव्हा एकच प्रश्न विचारायचा: १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली पोर्टलवर करार झालाय का? करार नसेल तर वर्षभर राबूनही राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्राची परीक्षा देता येत नाही आणि हातात राहतं ते कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र. करार असेल तर मिळतं ते विद्यावेतन, त्यातून पीएफ कापला जात नाही. पीएफ नाही म्हणून ही फसवणूक, असं सांगून मुलांना घाबरवू नका.

"कुठलंही काम चालेल" हे उत्तर लिहून घेणे

हे उत्तर म्हणजे अजून कुणी नीट विचारलेलं नाही, एवढंच. रात्रपाळी चालेल का, शेवटची एसटी किती वाजता, लहान मूल कोणाकडे राहील, उभं राहून आठ तास काम होईल का, हे विचारल्यावर यादी आपोआप लहान होते आणि निवड झालेला माणूस तिसऱ्या दिवशी घरी परतत नाही.

पगाराचंही तसंच. जाहिरातीत पंधरा हजार लिहिलेले असतात. समजा हे सगळे १५,००० पीएफच्या हिशेबात धरले जातात. पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००. ईएसआयसी पाऊण टक्का म्हणजे ११३. पुरुष असेल तर व्यवसाय कर २००. हातात १२,८८७. चाकण किंवा वाळूजला खोलीचं भाडं आणि मेस त्यातूनच. बाईंना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, त्यांच्या हातात १३,०८७. आणि पंधरा हजार हा आकडा सीटीसी (कंपनीचा माणसामागचा एकूण खर्च) असेल तर मालकाचा पीएफ, ईएसआयसीचा वाटाही त्यातच मोजलेला असतो, हातातली रक्कम आणखी घटते. हा हिशोब उमेदवारासमोर कागदावर मांडा. मुलाखतीला जायच्या आधी मांडा, नंतर नाही.

बायोडाटाबद्दल थोडं. "मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर" या तीन शब्दांनी कुठल्याच सुपरवायझरने कुणाला घेतलेलं नाही. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) टर्निंग केलंय तर कंट्रोल कोणता, फॅनुक की सीमेन्स, ते लिहा. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर वाचता येतो का, ड्रॉइंग समजतं का, लिहा. शिवणकाम करणाऱ्या बाईने कारखान्यातलं जॅक मशीन चालवलंय की घरचं पायडलचं, हेही लिहा. एक पान पुरतं. जिल्ह्याच्या कौशल्य विकास केंद्राच्या रोजगार मेळाव्याला जाताना पाच-सहा प्रती न्या, आणि महास्वयंवर त्या मेळाव्यातल्या जागा आधी पाहून अर्ज केलेला असू द्या.

बांधकाम कामगार: ९० दिवस म्हणजे ९० दिवस

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वय १८ ते ६०, मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचं काम, आणि त्याचा ठेकेदाराचा, ग्रामसेवकाचा किंवा नगरपालिकेचा दाखला. एजंट हा दाखला विकत आणून देतो. मग किराणा दुकानदारही बांधकाम कामगार होतो आणि तपासणीत खऱ्या गवंड्याचीही फाईल अडते. असा दाखला कक्षात स्वीकारू नका. नोंदणीचं नूतनीकरण दर वर्षी असतं. तारीख चुकली की मुलांच्या शिष्यवृत्तीसारखे लाभ अडकतात, म्हणून नूतनीकरणाच्या तारखांची वेगळी यादी ठेवा.

नोकरीसाठी पैसे

गणवेशाचे, ट्रेनिंगचे, "फाईल पुढे सरकवायचे", मेडिकलचे. नाव काहीही असो, रुजू होण्याआधी यूपीआयवर पैसे मागितले की थांबा. पैसे गेलेच असतील तर पहिल्या तासातच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पसरते. आखातातल्या नोकरीसाठी एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर शोधल्याशिवाय पासपोर्ट हातात देऊ नका. व्हिजिट व्हिसावर नेतो म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा.

सगळ्यांनाच नोकरीच्या रांगेत उभं करणे

काही जणांना आधी दुसरंच काहीतरी हवं असतं. मागच्या मालकाने तीन महिन्यांचा पगार थकवलाय, त्याला सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात पाठवा. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईला महिलांची हेल्पलाइन १८१, आणि मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. तिथे महिलांना उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००. दिव्यांग मुलाचं हाताने लिहिलेलं जुनं प्रमाणपत्र घेऊन फिरण्यापेक्षा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं राष्ट्रीय ओळखपत्र) काढा. घरातूनच धंदा करायचाय, त्याला थेट कर्जाचा फॉर्म देऊ नका. आधी जिल्ह्यातल्या बँकेच्या आरसेटीत (स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत) पाठवा, प्रशिक्षण मोफत, राहणं-जेवणही मोफत. तिथून परतल्यावर कोटेशन घेऊन प्रकल्प अहवाल करता येतो.

दाखल्यांसाठी अडलेल्यांना "उद्या या" ऐकून परत येऊ देऊ नका. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली प्रत्येक दाखल्याची मुदत ठरलेली आहे आणि ती आपले सरकार पोर्टलवर दिसते. अर्जाची पोच नसेल तर मुदत मोजायची कुठून? पोच घेतली, मुदत उलटली, की पहिलं अपील.

रुजू झाला, नाव खोडलं

नोकरी लागली की वहीतलं नाव खोडायची सवय सोडा. पहिल्या पगारानंतर एक फोन करा. पगारपत्रक मिळालं का, त्यावर पीएफची कपात आहे का, ईएसआयसीचा नंबर आला का. आधी कुठे नोकरी केली असेल तर जुनाच यूएएन नव्या कंपनीला दिला का. दुसरा तयार झाला असेल तर दोन्ही खाती एकत्र करण्याचा अर्ज लगेच करा. कपात दिसते पण पासबुकात भरणा नाही, असं दोन महिने झालं तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर पगारपत्रकाचा फोटो जोडून तक्रार टाका. कामगार नोकरीवर असतानाच. ठेकेदार बदलला की त्याचा पत्ता शोधण्यातच वर्ष जातं.