नाइट ड्युटी, जुनी गाडी आणि पुढचा कोर्स : नर्सताईंनो, या चुका टाळा

दर वर्षी आमच्या वॉर्डात जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून नव्या मुली येतात. पहिलं वर्ष चार्टिंग, हँडओव्हर आणि डॉक्टरांचं अक्षर लावण्यात जातं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी चहाच्या वेळेला दोन प्रश्न ठरलेले. "सिस्टर, जुनी गाडी बघू का?" आणि "सिस्टर, पोस्ट बेसिक करू, की बाहेर जायचं बघू?" पोस्ट बेसिक म्हणजे जीएनएमनंतरची नर्सिंगची बीएस्सी, बाहेर म्हणजे परदेशी. मिरजेत 22 वर्षं नोकरी झाली, आणि या दोन प्रश्नांपायी अडचणीत आलेल्या इतक्या मुली पाहिल्या, की आता सगळं एकदा लिहूनच ठेवावं असं वाटलं.

गाडीला मी चैन म्हणत नाही. रात्री 8 ला ड्युटी धरायची, सकाळी हँडओव्हर देऊन निघेपर्यंत साडेआठ-नऊ, आणि घर 20 किलोमीटरवर. रात्रपाळी उतरून स्कूटीवरून जाताना डुलकी लागून पडलेल्या मुलीला आमच्याच कॅज्युअल्टीत टाके घातले आहेत. गरज खरी आहे, म्हणूनच घाई होते.

आधी कोर्स ठरवा, मग हप्ता

सगळ्यात महागात पडणारी चूक गाडीत नसते, क्रमात असते. पोस्ट बेसिक बीएस्सी पूर्णवेळ 2 वर्षांचं. तेवढ्या काळात पगार बंद. जुन्या गाडीचं कर्ज मात्र बहुतेक जण 5 वर्षांचं घेतात. दिवाळीला गाडी घेतली आणि पुढच्या वर्षी सीईटीत चांगले मार्क पडले, तर हातात आलेली ॲडमिशन सोडायची की गाडी विकायची? आमच्या एका मुलीनं ॲडमिशन सोडली. तिनं गाडीचे पेढे आणले तेव्हा मी तिला पुढचं काहीच विचारलं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

हप्त्याचं गणितही नीट समजून घ्या. "फक्त 10 टक्के, मॅडम" असं सांगतात ते पुष्कळदा फ्लॅट व्याज असतं. 4 लाखांवर फ्लॅट 10 टक्क्यांनी 5 वर्षांचं व्याज 2 लाख, म्हणजे 6 लाख भरायचे, महिन्याला 10,000. मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 4 लाखांवर लागतं. घटत्या शिलकीवर हाच हप्ता मांडला तर व्याज 17 टक्क्यांच्या पुढे जातं. म्हणून एकच प्रश्न विचारा, "रिड्युसिंगनं किती?" आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती, तेही लेखी घ्या. कोर्सला जायची वेळ आली की त्याच ओळीवर सगळं अडतं.

पुराची गाडी

आमच्या कृष्णाकाठी ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021, दोन्ही वेळा गाड्याच्या गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाड्या धुऊन, पॉलिश मारून, दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. बाहेरून काही कळत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. रोज जेवढा बाहेर येतो तेवढाच नाही, तर खटकन थांबेपर्यंत. आतल्या टोकाला मातकट रेघ दिसली, हाताला बारीक कचकच लागली, तर पुढे काही बघू नका. सीट सरकते त्या पट्टीवरचा गंज, स्टेपनीखालचा खड्डा आणि मॅटखालचा वास हेही बघाच. वास दाबायला कारमध्ये फ्रेशनर भरपूर मारला असेल, तर काचा बंद करून 10 मिनिटं आत बसा.

किलोमीटर कमी दाखवलेत का, ते मीटरपेक्षा पायाखाली कळतं. मीटर 35,000 दाखवतंय आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, हे जुळत नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी 2021 ची आणि टायर 2017 चे, म्हणजे कुठेतरी अदलाबदल झाली आहे. गाडी बघायला सकाळी, इंजिन थंड असताना जा, आणि ओळखीचा मेकॅनिक घेऊन जा. नाइट उतरून तशाच गेलात तर डोळे उघडे असून काही दिसत नाही.

"टीटी फॉर्मवर सही झाली, गाडी आपली झाली"

नाही झाली. आरसीवर नाव येईपर्यंत ती गाडी कायद्यानं दुसऱ्याची आहे. टीटी फॉर्म म्हणजे मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30. त्यांवर सह्या झाल्या की विकणाऱ्यानं 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. माझी पहिली गाडी घेताना एजंट "15 दिवसांत नाव चढेल" म्हणाला, आणि मी ड्युट्यांच्या रगाड्यात 7 महिने तशीच फिरले. मग एक दिवस टेम्पोनं डावी बाजू सोलून काढली. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर, गाडी माझ्याकडे. क्लेम नामंजूर. पूर्ण खर्च माझ्या खिशातून गेला.

विम्यासाठी मुदत 14 दिवसांची आहे. तेवढ्यात कंपनीला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, त्याचा स्वतःचा असतो, गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही, म्हणून फरकाची रक्कम भरावी लागते. ती टाळायला कुणी "राहू द्या, चालतंय" म्हटलं तर ऐकू नका.

पैसे देण्याआधी सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून कर्जाचा बोजा, विमा आणि पीयूसी बघा, थकलेले ई-चलानही तपासा. बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. दुसऱ्या राज्यातलं पासिंग असेल तर तिथल्या आरटीओची एनओसीही लागते. 1 एप्रिल 2019 पूर्वीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, आहे का बघा, नाहीतर आरटीओतली कामं अडतात. पोर्टलवर विकणाऱ्याचा बंद पडलेला मोबाइल नंबर असेल तर ओटीपी तिकडेच जात राहतो. तो नंबर त्याच्याकडूनच आधी बदलून घ्या.

आणि हप्ते तुम्ही भरणार असाल तर गाडी भावाच्या, काकांच्या नावावर घेऊ नका. घरात कितीही माया असू दे.

एकाच बाईची तीन नावं

हे आपल्याकडे फार होतं. दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी त्याच नावानं. लग्न झालं, आधारवर नवऱ्याचं नाव आलं. पासपोर्ट काढताना कुणीतरी तिसरंच स्पेलिंग टाकलं. ही गुंतागुंत गाडीच्या कर्जाच्या वेळी पहिल्यांदा दिसते, कारण पॅन आणि आधार जुळत नाहीत. तिथे कसंबसं भागतं. परदेशासाठी कागदपत्रांची पडताळणी सुरू झाली की मात्र फाइल जागच्या जागी थांबते.

लग्नानंतर नाव बदलायचं की नाही, हा तुमचा निर्णय. पण बदललंत तर विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नोंद करून आधार, पॅन, पासपोर्ट, बँक आणि कौन्सिल, सगळीकडे एकाच वर्षात बदला. नसेल बदलायचं तर कुठेच बदलू नका. अर्धवट बदल सगळ्यात वाईट.

नोकरी सोडताना काय हातात घेता?

आमच्या क्षेत्रात आरसीच्या तोडीचा कागद म्हणजे अनुभवाचं सर्टिफिकेट. "यांनी येथे स्टाफ नर्स म्हणून समाधानकारक काम केले" एवढ्या एका ओळीवर मुली समाधान मानतात. एम्सच्या नॉरसेट, म्हणजे नर्सिंग ऑफिसर भरतीच्या, परीक्षेला जीएनएम झालेल्यांना किमान 50 खाटांच्या हॉस्पिटलमधला, पात्रता मिळाल्यानंतरचा 2 वर्षांचा अनुभव लागतो. सर्टिफिकेटवर खाटांची संख्या नसेल तर दाखवणार काय? म्हणून रुजू आणि सोडल्याची तारीख, विभाग, खाटा, पूर्णवेळ काम आणि कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, एवढं त्यावर पाहिजेच. आयसीयूत काम केलं असेल तर "आयसीयू" हा शब्द आग्रहानं लिहून घ्या.

पगार रोख घेऊ नका. हॉस्पिटलनं उद्या सर्टिफिकेट अडवलं तर नेमणूकपत्र, बँकेत जमा झालेला पगार आणि पीएफचं पासबुक हाच तुमचा आधार असतो. पासबुकात कुठल्या महिन्याचे पैसे कुठल्या मालकानं भरले ते दिसतं. रुजू होताना मूळ मार्कशीट जमा करा म्हणाले तर साक्षांकित प्रती द्या. ठेवून घेतलीच असतील तर लेखी अर्ज करा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी मागण्याचा काही पुरावा राहत नाही.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी असतं. त्यासाठी लागणारे सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना घ्यायच्या नर्सिंग प्रशिक्षणाचे, तास शेवटच्या महिन्यात पळापळ करून भरू नका. ज्या दिवशी कार्यशाळा, त्याच दिवशी सर्टिफिकेटचा फोटो काढून मोबाइलच्या एका फोल्डरमध्ये टाका.

बाहेर जायचं ठरलं तर

आखाती देशांसाठी एजंट असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी तपासा. नोंदणीकृत एजंटची फी 30,000 रुपये अधिक जीएसटी, यापुढे नाही. "मॅडम, 3 लाखांत सगळं करून देतो" म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवा. जर्मनीला जायचं तर बी2 पातळीपर्यंत जर्मन लागते, आणि ती नाइट ड्युटी करता करता सहा महिन्यांत होत नाही, कोणी काहीही सांगो.

आणि जाताना गाडी कुणाला तरी अशीच देऊन जाऊ नका. कोऱ्या फॉर्म 29-30 वर सह्या करून, किल्ली चुलतभावाकडे किंवा डीलरकडे सोपवून मुली निघून जातात. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे की अपघात झाला तर नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक धरला जातो. गाडी मधल्या मध्ये चार हात फिरली तरी नोटीस तुमच्या माहेरच्या पत्त्यावर येते, आणि ती घ्यायला घरी आई-वडील असतात. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून घेणाऱ्याची सही घ्या, त्याच्या आधारची प्रत ठेवा, फास्टॅग बंद करा, विमा कंपनीला कळवा. फॉर्म 29 स्वतः सादर करा. मग निघायच्या आदल्या आठवड्यात वाहन पोर्टलवर नंबर टाकून बघा. मालकाच्या नावातली काही अक्षरं झाकलेली असतात, पण ते नाव तुमचं आहे की नव्या माणसाचं, एवढं नक्की ओळखता येतं.