अक्षरांवरून इंग्रजी शब्द कसे शोधायचे: मराठी शाळेतून आलेल्यांसाठी

गोव्यात माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत. चौथीपर्यंत मराठी शाळा, आणि पाचवीत गेल्यावर एकदम सगळे विषय इंग्रजीतून. माझी शाळा डिचोली तालुक्यातली. स्क्रॅबल (हातातल्या अक्षरांचे इंग्रजी शब्द पटावर लावायचा खेळ, प्रत्येक अक्षराचे गुण ठरलेले) हाती आलं ते पणजीत कॉलेजला गेल्यावर, आणि आता रविवारी सकाळी गावच्या वाचनालयात मी मुलांना तेच शिकवते. नव्यानं खेळायला बसणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी एकच सांगतो, ‘ताई, मला इंग्रजी शब्दच येत नाहीत.’ मला हे पटत नाही. दहावी झालेल्या मुलाला हजारो इंग्रजी शब्द येतात. हातात अमुक अक्षर आलं की त्या अक्षराचे शब्द आठवत नाहीत, अडचण तिथे आहे.

याचं कारण आपल्या वाचण्याच्या सवयीत आहे. आपण बाराखडीवर वाढलो. मराठीत जसं ऐकू येतं तसं बहुतेक लिहिलं जातं, म्हणून शब्द शोधताना आपण कानाला विचारतो. हातात के आला की मनात ‘क’ वाजतो आणि काइट, किंग, कीप असे शब्द येतात. पण नाइफ, नी, नॉट, नॉक हे सगळे केनं सुरू होतात आणि कानाला ते ‘न’चे वाटतात. के पाच गुणांचा आहे, पेटीत एकच असतो, आणि त्याचे निम्मे सोपे शब्द आपल्याला सुचतच नाहीत. म्हणून मी नव्या मुलांना शब्दांच्या याद्या पाठ करायला देत नाही. आधी वही काढायला सांगते.

वहीच्या एका पानावर एक मराठी ध्वनी लिहायचा आणि तो इंग्रजीत किती प्रकारे लिहिला जातो ते मांडायचं. ‘फ’ घ्या. एफ तर आहेच, फोन आणि ग्राफमध्ये पी-एच आहे, लाफ, रफ, कॉफ (खोकला) यांच्या शेवटी जी-एच आहे. ‘क’चं पान सर्वांत मोठं होतं: सी, के, सी-के, एको आणि केमिस्टमधला सी-एच, युनिक आणि ओपेकच्या शेवटचं क्यू-यू-ई. ‘व’च्या पानावर व्ही आणि डब्ल्यू वेगळे करा, ‘ज’च्या पानावर जे, जी आणि झेड. दुसरा भाग मुक्या अक्षरांचा: लॅम, कोम, थम, डेटमधला बी, रिस्ट आणि रायटच्या आधीचा डब्ल्यू, साइन आणि नॅटमधला जी, घोस्ट आणि राइममधला एच. हे वाचताना प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग कागदावर लिहा, नुसतं मनात म्हणू नका. हात लिहितो तेव्हा डोळा अक्षर पाहतो, आणि कामाला डोळाच येतो.

आता क्यू. स्क्रॅबलच्या १०० टाइलमध्ये, म्हणजे अक्षरांच्या चौकोनी तुकड्यांमध्ये, क्यू एकच, गुण १०. यू चार. म्हणजे क्यू आला आणि यू नाही, असं वारंवार होतं. भारतात स्पर्धांना कॉलिन्स या शब्दकोशाची मान्य शब्दांची यादी वापरतात. तिच्यात सुमारे २,८०,००० शब्द आहेत आणि यू नसलेले क्यूचे शब्दही बरेच आहेत. दोन अक्षरी क्यू-आय सगळ्यात आधी शिका. मग क्यू-ए-टी. त्यानंतर आपल्या ओळखीचे शब्द येतात: फकीर, तलाक, निकाब, बुरखा, वक्फ. हे पाचही क्यूनं लिहिलेले चालतात. माझ्याकडची मुलं हे एकदा ऐकलं की विसरत नाहीत.

जेचंही तसंच. इंग्रजीत जेनं संपणारे शब्द फार थोडे, आणि त्यातले राज, ताज, स्वराज हे आपल्याच घरातले. जे आठ गुणांचा आहे. लाख, क्रोर, रोटी, घाट, बंद हे यादीत आहेत. फेणी आहे, विंदालू आहे, सुपारीचं अरेका आणि खोबऱ्याचं कोप्रा आहे, काथ्याचं कॉयर आहे. पण स्पेलिंग यादीत आहे तेच लावायचं. बंदच्या शेवटी डी-एच लागतो, नुसत्या डीवर थांबलात तर तो वेगळाच शब्द होतो. आपल्या उच्चाराचा भरवसा धरू नका.

दोन अक्षरी शब्द कॉलिन्समध्ये १२७ आहेत. एवढे मात्र पाठ करायलाच हवेत, त्याला पर्याय नाही. झेड-ए, एक्स-आय, जे-ओ, के-आय अशा शब्दांमुळे महाग अक्षरं अडून बसत नाहीत. नुसते स्वर हातात आले तर ए-ए, ए-ई, ओ-ई आहेत. साखळीहून पणजीला कदंब बसनं जाताना रोज थोडे थोडे पाठ केले तर ते लवकर होतात.

हातातली सातही अक्षरं एकाच खेळीत लागली की ५० गुण जास्त मिळतात, म्हणून रॅकवर, म्हणजे अक्षरं ठेवायच्या पट्टीवर, ती सतत हलवत राहा. आय, एन, जी तिन्ही असतील तर उजव्या टोकाला एकत्र ठेवा. ई-आर, ई-डी तसेच. आर-ई, यू-एन डाव्या टोकाला. उरलेल्या चार-पाच अक्षरांत शब्द शोधणं बरंच सोपं. शिवाय अक्षरं वर्णक्रमानं लावून पाहायची सवय करा. ए, ई, आर, एस, टी या पाचांतून रेट्स, स्टेअर, टिअर्स, ॲस्टर हे चारही निघतात. वहीत त्या पाच अक्षरांच्या मथळ्याखाली हे शब्द एकत्र लिहून ठेवा.

वर्डल या गुप्त शब्द ओळखायच्या ऑनलाइन खेळात शब्द पाच अक्षरांचा आणि प्रयत्न सहा. तिथे एक सापळा ओळखा. शेवटची चार अक्षरं आय-जी-एच-टी हिरवी झाली, म्हणजे योग्य जागी बसली, की लाइट, नाइट, राइट, साइट, माइट, फाइट, टाइट सगळेच शक्य होतात. एकेक करत बसलात तर प्रयत्न संपतात. त्याऐवजी फार्म्स टाका. एफ, आर, एम, एस एकाच फटक्यात तपासून होतात. हार्ड मोडमध्ये मात्र हे करता येत नाही, कारण तिथे सापडलेली अक्षरं पुढच्या प्रत्येक प्रयत्नात वापरावीच लागतात.

शब्द शोधून देणारी शोधयंत्रं कधी वापरायची, याबद्दल माझं मत ठाम आहे: डाव संपल्यावर. चालू डावात वापरली तर ती फसवणूक, आणि शिकणंही होत नाही. डाव झाल्यावर अडलेली अक्षरं घेऊन बसा. वनलुक या संकेतस्थळावर ठरावीक जागी अक्षरं देऊन शब्द मागता येतात. प्रश्नचिन्ह म्हणजे नेमकं एक अक्षर, तारका म्हणजे कितीही. एक्सेलच्या फिल्टरमध्येही हीच चिन्हं चालतात. एनेबल नावाची मोफत शब्दयादी एका रकान्यात भरा, के-एन आणि पुढे तारका टाका, केचं सगळं मुकं कुटुंब समोर येईल. जे अक्षरानं संपणारे हवेत तर तारका आधी. कॉलिन्सची यादी मुळापासून घोटायची असेल तर झिझिव्हा हा प्रोग्राम आहे. तो विनामूल्य आहे आणि प्रश्नही विचारतो.

अर्थ माहीत हवा का? खेळायला नको. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सनं २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली, फ्रेंच बोलता येत नसताना. तरी मी मुलांकडून वहीत मराठी अर्थ लिहून घेते, कारण अर्थ लिहिलेले शब्द पुढच्या रविवारी आठवतात आणि नुसते घोकलेले निम्मे गळतात. सुरुवात केच्या पानापासून करा, मग क्यू, मग जे. झेड आणि एक्सला लहान शब्द पुरतात, त्यांची घाई नाही.