प्रिंटचं बटण लावण्याआधी हातात फूटपट्टी घ्या

नोकरीला लागून चारच महिने झाले होते. मार्केट यार्डातल्या एका भुसार पेढीसाठी आमच्या ऑफिसात बिलिंगचं सॉफ्टवेअर तयार होत आलं होतं आणि माझ्या वाट्याला उरलेलं काम आलं: "तेवढं प्रिंट लावून टाक." मी दोन दिवस मागितले. लागले पाच आठवडे, आणि त्यातले पहिले दोन कागद न बघता कोड लिहिल्यामुळे वाया गेले.

ऑफिसातल्या लेझर प्रिंटरवर ए-फोर कागदावर माझं बिल देखणं येत होतं. ते घेऊन मी गाळ्यावर गेले. तिथे गल्ल्याशेजारी डॉट मॅट्रिक्स होता, दोन्ही कडांना भोकं असलेला सलग कागद आणि त्यात तीन प्रती. दिवाणजी काका म्हणाले, "मॅडम, आमची पहिली प्रत गिऱ्हाईकाची, दुसरी टेम्पोवाल्याची आणि तिसरी पेढीची. तुमच्या त्या मशीनवर तिसरीवर काय उमटणार?" काहीच उमटणार नव्हतं. डॉट मॅट्रिक्सची पिन कागदावर आपटते म्हणून खालच्या प्रतींवर अक्षर उठतं. लेझर कागदावर आपटतच नाही. आणि तीन प्रती हा काकांचा हट्ट नव्हता. मालाच्या बिलाच्या तीन प्रती जीएसटीच्या नियमातच सांगितल्या आहेत.

म्हणून नव्याने या कामाला लागणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं, की आधी गिऱ्हाईकाच्या जागेवर जा. कोणता प्रिंटर आहे, कागद केवढा आहे, तो फाडून कोणाच्या हातात जातो, हे बघा. येताना त्यांच्या चार जुन्या पावत्या मागून आणा आणि फूटपट्टीने मोजा. प्रोग्रामिंगची भाषा आणि लायब्ररी (तयार कोडचा संच) कोणती, ते त्यानंतर.

गाळ्यावरची पहिली दहा बिलं मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. पहिलं बरोबर बसलं. दुसऱ्याची सुरुवात फाडायच्या रेघेच्या एक इंच वर झाली, तिसऱ्याची दोन इंच. मी दोन तास कोडमध्ये चूक शोधत होते. काकांनी बिलांची पट्टी उचलून ट्यूबलाइटसमोर धरली, तिच्यामागे कोरा कागद लावला आणि म्हणाले, "बघा, दर वेळी सारखंच सरकतंय." सारखंच सरकतंय म्हणजे कुठेतरी लांबी चुकली आहे. त्यांचा कागद १२ इंची, म्हणजे इंचाला ६ ओळी धरून ७२ ओळींचा. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरशी जोडणाऱ्या प्रोग्राममध्ये, लावलेला होता ११ इंची, ६६ ओळींचा. तिथे लांबी १२ इंच केली आणि कोडला हातही न लावता काम झालं. छापील मजकुरावर अक्षरं नेमकी बसतात का, हे तपासायला मी आजही दोन कागद एकावर एक ठेवून उजेडात धरते.

लांबीचा हाच घोळ ए-फोरवरही होतो. ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर, अमेरिकन लेटर कागद २७९.४ मिलिमीटर उंच. ड्रायव्हर लेटरवर राहिला तर तळाचे साधारण साडेसतरा मिलिमीटर जातात, आणि तिथेच नेमकी सहीची जागा असते. पीडीएफ छापताना 'फिट टू पेज' चालू असेल तर सगळं थोडं आक्रसतं. म्हणून चाचणीच्या पानावर १०० मिलिमीटरची रेघ काढा आणि छापून मोजा. आणि 'प्रिंट टू पीडीएफ'वर सगळं नीट दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. त्याला खऱ्या प्रिंटरसारख्या न छापता येणाऱ्या कडा नसतात.

आता कोडकडे. आमचं काम डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत होतं. तिथे प्रिंटपेज नावाचा इव्हेंट, म्हणजे 'आता हे पान काढ' अशी हाक, प्रत्येक पानासाठी येतो आणि अजून पान आहे का, हे आपण हॅजमोअरपेजेसमध्ये सांगायचं असतं. छपाईआधी पडद्यावर दिसणारा माझा प्रिव्ह्यू तीन पानी बिलाची तिन्ही पानं बरोबर दाखवायचा, पण तिथूनच प्रिंट दिलं की फक्त एकूण रकमेचं शेवटचं पान यायचं. कारण प्रिव्ह्यूमध्ये ओळींची मोजणी शेवटच्या ओळीपर्यंत पोचलेली असायची आणि छपाई तिथूनच पुढे चालू व्हायची. मोजणी छपाईच्या सुरुवातीला येणाऱ्या बिगिनप्रिंट इव्हेंटमध्ये शून्यावर आणली आणि प्रश्न मिटला. जावात वेगळी गंमत आहे: तिथे एकाच पानासाठी तुमचं फंक्शन अनेकदा बोलावलं जाऊ शकतं, म्हणून प्रत्येक बोलावण्याला एक ओळ पुढे सरकवायची नाही; पानाच्या क्रमांकावरून ओळी काढायच्या.

ब्राउझरमधून छापणार असाल तर तक्त्याचं डोकं (वरची शीर्षकांची ओळ) एचटीएमएलच्या 'थेड' या भागात ठेवा, म्हणजे ते साधारणपणे प्रत्येक पानावर पुन्हा येतं. पार्श्वभूमीचे रंग एरवी छापले जात नाहीत, त्यामुळे रंगावर अर्थ टांगू नका.

मराठीचा मुद्दा मला सगळ्यात जवळचा. 'किंमत' लिहिताना युनिकोडमध्ये आधी क येतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. ही जुळवणी न करणारी लायब्ररी घेतलीत, तर वेलांटी क च्या नंतर येते आणि जोडाक्षरं फुटतात. पेढीच्या नावात जोडाक्षर असेल तर ते फुटलेलं बघून मालकाला काय वाटेल, याचा विचार करा. फॉन्ट पीडीएफच्या फाइलमध्येच घाला (एम्बेड करा) आणि 'श्री', 'र्‍य', 'क्ष', 'त्र्य' असलेली नावं पहिल्याच दिवशी छापून बघा. डॉट मॅट्रिक्सवर मराठी चित्र म्हणून पाठवावं लागत होतं आणि एकेका बिलाला फार वेळ जायचा. काकांनीच तोड काढली: पेढीचं नाव, पत्ता आणि अटी मराठीत आधीच छापून आणायच्या, प्रिंटरने फक्त इंग्रजी आकडे आणि मालाची नावं टाकायची.

एक चूक मात्र महागात पडली. मी बिलाला क्रमांक छपाई झाल्यावर देत होते. दुपारी कागद संपला, पण विंडोजच्या छपाईच्या रांगेने काम स्वीकारलं होतं, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या लेखी बिल छापलं गेलं. कागद आलाच नाही म्हणून काकांनी पुन्हा बटण दाबलं आणि एकाच मालाची दोन बिलं झाली. रात्री हिशेब जुळवायला ते साडेनऊपर्यंत बसले. रांगेने काम घेणं आणि कागद बाहेर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिल आधी जतन करायचं, क्रमांक तिथेच द्यायचा आणि छपाई कितीही वेळा करता यावी. दुसऱ्यांदा छापताना वर 'पुन्हा छापलेलं' असं यावं, दर आणि कर मात्र बिल केलं त्या दिवशीचेच राहावेत.

मुलाखतीसाठी काही दाखवायचं असेल तर एक छोटं किराणा बिल करा. आधी ५८ मिलिमीटरच्या थर्मल रोलवर (उष्णतेने छापल्या जाणाऱ्या पावतीच्या कागदावर): बहुतेक प्रिंटरवर मिलिमीटरला ८ ठिपके आणि छापायला ४८ मिलिमीटर मिळतात, म्हणजे ३८४ ठिपके, १२ ठिपक्यांच्या अक्षराने ओळीत ३२ अक्षरं. त्यात 'तूरडाळ', वजन, दर आणि रक्कम बसवून दाखवा. मग तेच बिल ए-फोरवर आणा, पानावर मालाच्या २५ ओळी आणि खाली बेरीज बसेल असं आखा आणि १, २५, २६ आणि २०० ओळींनी चालवून बघा. २६व्या ओळीला बेरीज एकटीच दुसऱ्या पानावर गेली, तर तिच्यासोबत मालाची निदान एक ओळ न्या.