पहिला हँडी घेताना या चुका टाळा

हॅम रेडिओचा परवाना हातात पडला की हँडी (हातात धरायचा वायरलेस सेट) घेताना सगळ्यात आधी वॅट बघितले जातात, आणि पैसा नको तिथे जातो. पाचऐवजी आठ वॅटचा सेट घेतला तरी फरक पडतो जेमतेम दोन डेसिबलचा. समोरच्याच्या एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणारा मापक) तो एका युनिटचा तिसरा हिस्सा! तेच पैसे चांगला अँटेना आणि जादा बॅटरी यांवर घाला.

१४५ मेगाहर्ट्‌झला पाव तरंगलांबी, म्हणजे अँटेनाची सोयीची लांबी, होते साधारण ५० सेंटिमीटर. सेटसोबत येणारा रबरी अँटेना त्याच्या निम्माही नसतो, म्हणून तो कमी पडतो. लांब, लवचीक अँटेना लावा. शिवाय ४९ सेंटिमीटर वायर अँटेनाच्या बुडाशी, कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला जोडून खाली लोंबती सोडा. आतल्या पिनेला तिचा स्पर्श होता कामा नये. एवढ्यानेही रिपीटर (आपला सिग्नल पकडून पुन्हा जोरात पाठवणारं केंद्र) बऱ्याचदा स्वच्छ उघडतो. अँटेना न लावता पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) कधीच दाबू नका, आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

अँटेना मागवण्याआधी जुना काढून सेटचा एसएमए कनेक्टर बघा. मधोमध पीन दिसली तर भोकवाला अँटेना लागतो, भोक दिसलं तर पीनवाला. इथे हमखास घोळ होतो. छतावरच्या अँटेनाची जाड केबल थेट हँडीला लटकवू नका, सॉकेट ढिलं होतं. मध्ये फूटभर बारीक जोडकेबल ठेवा. पण सगळी केबलच बारीक नको. आरजी-१७४ ही बारीक केबल दहा मीटर टाकली की निम्म्याहून जास्त पॉवर वाटेतच जिरते.

डिजिटल सेट घ्यायची घाई तर नकोच. डीएमआर, डी-स्टार आणि सी४एफएम या डिजिटल पद्धती एकमेकांशी थेट बोलत नाहीत. जवळच्या रिपीटरवर काय चालतं ते आधी विचारा.

रिपीटर ऐकू येतो, पण आपल्या हाकेला उठत नाही? बहुधा सेट बिघडलेला नसतो. ऑफसेट (ऐकण्याच्या आणि पाठवण्याच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) किती आणि अधिक की उणे, ते तपासा. मग ट्रान्समिटचा सीटीसीएसएस टोन (रिपीटर उघडणारा, आवाजासोबत जाणारा खालचा सूर) बघा. रिसीव्हचा टोन तूर्त बंदच ठेवा. रिपीटर तो पाठवत नसेल तर सेट मुका राहतो आणि दोष उगाच अँटेनाला दिला जातो. टोन बरोबर असूनही आवाज बारीक जात असेल तर चॅनल नॅरोवर (अरुंद बँडविड्थवर) आहे का बघा. ड्युअल वॉच (दोन फ्रिक्वेन्सींवर आळीपाळीने कान ठेवणारी सोय) चालू असेल तर भलत्याच फ्रिक्वेन्सीवर बोललं जातं, सुरुवातीला तो बंद करा.

संगणकावरून सेटचं प्रोग्रामिंग करताना ‘रेडिओ सापडत नाही’ असं आलं की आधी केबल सेटमध्ये आणखी दाबा. दोन पिनांचा प्लग वरवर बसलेला वाटतो, पण शेवटचे एक-दोन मिलिमीटर बाहेरच राहतात. तरीही नाही जमलं तर केबलमधली चिप नकली असू शकते आणि नवा ड्रायव्हर ती नाकारतो. चर्पमध्ये (सेट प्रोग्राम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) आधी सेट वाचून मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, मग त्याच फाइलच्या प्रतीत बदल करून परत लिहा. दुसऱ्या मॉडेलची फाइल तशीच चढवू नका.